ग्रांदे बेटावरील एक पांढरा डाग : सूर्यप्रवाळ आणि त्याची गोगलगाय

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीने मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले आणि त्याखाली एवढेच विचारले, "मॅडम, ब्लीचिंग?" छायाचित्र गोव्याजवळच्या ग्रांदे बेटाच्या आडोशाच्या बाजूला, सुमारे आठ मीटर खोलीवर, कातळाच्या पुढे आलेल्या एका कडेखाली काढलेले होते. कडेच्या पोटाला उलटी लटकलेली सूर्यप्रवाळाची वसाहत त्यात दिसत होती. वसाहत पसरलेल्या तळहाताएवढी होती. तिची अर्धी बाजू भडक नारिंगी होती आणि उरलेल्या बाजूवर चुन्यासारखा पांढरा डाग पडला होता. तिच्यासोबत पाण्यात उतरलेला मार्गदर्शक मूळचा मालवणचा, या खडपांवर अनेक हंगाम घालवलेला. बोटीवर आल्यावर तो म्हणाला होता, "ही गेली, आता काय एक उरूक नाय."

पुढचे दहा महिने आम्ही या एकाच वसाहतीचा माग ठेवला. पांढऱ्या डागाचा अर्थ लावताना आमची पहिली चूक काय झाली, खरे कारण कसे सापडले, आणि ते सापडल्यावर हात न लावण्याचा निर्णय आम्ही का घेतला, याची ही सविस्तर नोंद आहे.

आधी जागेविषयी. गोव्याच्या पाण्यात प्रवाळ आहेत, हे आजही अनेकांना नवे वाटते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय दोनापावलाला आहे. तेथील सय्यद झहूर कासिम आणि वफार यांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे लिहिले. लक्षद्वीपसारखी पसरट प्रवाळभित्ती मात्र येथे नाही. मुरगावच्या भूशिराजवळ मांडवी आणि झुआरी समुद्राला मिळतात, पावसाळ्यात पाणी गढूळ होते, आणि प्रवाळ कातळाला धरून तुकड्यातुकड्यांनी वाढतात. पाणबुडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच असतो आणि त्यातही पाण्यात चारपाच मीटरपलीकडचे दिसले, तर दिवस चांगला म्हणायचा. येथे कोणत्याही वसाहतीचे निरीक्षण तुटक होते आणि पावसाळ्यातील चार महिने त्यातून वजाच करावे लागतात.

"ब्लीचिंग?" या प्रश्नाचे उत्तर मला छायाचित्र न उघडताही देता आले असते, आणि ते मी तत्काळ दिले नाही याची मला खंत आहे. मी तिला लिहिले, "शक्य आहे, तापमान नोंदव." हे उत्तर चुकीचे होते. विरंजन, म्हणजे ज्याला सर्रास ब्लीचिंग म्हणतात ते, प्रवाळाच्या ऊतींत राहणारी झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले निघून गेल्याने घडते. पाणी बराच काळ नेहमीपेक्षा गरम राहिले की हे सहजीवन मोडते, प्रवाळाची कातडी पारदर्शक होते आणि तिच्यातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. सूर्यप्रवाळात, म्हणजे ट्युबास्ट्रिया या प्रजातीत, ही शैवाले मुळातच नसतात. त्याचा नारिंगी रंग त्याच्या स्वतःच्या ऊतींचा असतो. अन्नासाठी तो सूर्यप्रकाशावर अवलंबून नसतो. रात्री किंवा प्रवाह वाढला की पॉलिप, म्हणजे वसाहतीतले एकेक फुलासारखे जीव, उमलतात आणि वाहत येणारे प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, पकडून खातात. म्हणूनच तो कडेखालच्या अंधारात सुखाने राहतो. त्याच बेटावरची पानासारखी पसरणारी टर्बिनारिया त्याच्याच कुळातली असली, तरी तिच्यात शैवाले आहेत आणि तिचे विरंजन होऊ शकते. ज्याच्याजवळ शैवालच नाही त्याचे शैवाल हरवणार कसे? सूर्यप्रवाळावर पांढरे दिसले, तर ती कातडी फिकी पडल्याची खूण नसते. तेथे कातडी उरलेलीच नसते.

दोन दिवसांनी ही चूक माझ्या लक्षात आली. मी तिला फोन करून सांगितले, "पुन्हा जाशील तेव्हा पांढऱ्या भागाचे अगदी जवळून छायाचित्र काढ आणि तिथे पातळ, ओलसर असा काही पडदा आहे का ते पाहा. पडदा नसेल, तर कोणीतरी खाल्ले आहे."

बारा दिवसांनी ती पुन्हा उतरली. या वेळी तिने टॉर्च आणि प्लॅस्टिकची पट्टी सोबत नेली होती. टॉर्च महत्त्वाची ठरली, कारण आठ मीटरवर पाण्याने लाल आणि नारिंगी प्रकाशाचा बराचसा भाग शोषलेला असतो आणि उजेड दिल्याशिवाय सगळेच करडे-तपकिरी दिसते. टॉर्चच्या उजेडात कडेखालची वसाहत पेटल्यासारखी नारिंगी झाली. तिने पेले मोजले. प्रत्येक पॉलिप ज्या चुनखडीच्या वाटीत बसतो तिला आपण पेला म्हणू. एकूण एक्केचाळीस पेल्यांपैकी सतरा रिकामे होते. रिकाम्या पेल्यांच्या आतल्या उभ्या पडद्या कंगव्याच्या दातांसारख्या स्वच्छ दिसत होत्या. त्यांच्यावर शेवाळ चढलेले नव्हते आणि गाळही साठलेला नव्हता. यावरून दोन गोष्टी निश्चित झाल्या. मांस गेल्याला फार दिवस झाले नव्हते, आणि गाळाखाली गुदमरून प्रवाळ मेला, ही शंकाही फिटली.

खाणारा मात्र दिसत नव्हता. तिने चित्रफीत करून आणली आणि आम्ही ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोठ्या पडद्यावर पुनःपुन्हा पाहिली. नारिंगी भाग आणि पांढरा भाग यांच्या सीमेवर काही पॉलिप उमललेले होते आणि लाटेच्या हेलकाव्याबरोबर त्यांची स्पर्शके डोलत होती. एके ठिकाणी तिचा हात कॅमेऱ्यासमोरून गेला आणि पाण्याचा धक्का वसाहतीला बसला. तसे सगळे पॉलिप क्षणात आपापल्या पेल्यात ओढले गेले. एक गुच्छ मात्र तसाच बाहेर राहिला.

चित्रफीत तेथे थांबवून पाहिल्यावर तो गुच्छ पॉलिप नाही हे स्पष्ट झाले. पॉलिपची स्पर्शके एका वर्तुळात, मधल्या तोंडाभोवती असतात. येथील नारिंगी बोटे दोन्ही बाजूंना तिरप्या ओळींत मांडलेली होती आणि मधोमध पाठीचा मोकळा पट्टा होता. एका टोकाला दोन बारीक शिंगे होती. पट्टीवर लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास भरली. पेल्याच्या कडेवरून डोके आत घालून बसलेली ती कवच नसलेली समुद्री गोगलगाय होती. नीट शोधल्यावर अशा एकूण चार दिसल्या. शेजारच्या उघड्या सांगाड्यावर फिकट रंगाच्या, गुंडाळलेल्या दोऱ्यासारख्या अंडपट्ट्या चिकटलेल्या होत्या. त्या पहिल्या छायाचित्रातही होत्या. आम्ही दोघींनीही त्या पाहिल्या होत्या आणि सांगाड्याचाच भाग समजून सोडून दिल्या होत्या.

सूर्यप्रवाळावर राहणे, पाठीवरची बोटांची मांडणी, शरीराचा प्रवाळाशी जुळणारा रंग आणि सांगाड्यावरची अंडी या चार खुणा एकत्र घेतल्या, की बोट फेस्टिला मेलानोब्रॅकिया या जातीकडे जाते. कोपनहेगनचे वैद्य आणि न्यूडिब्रँकांचे, म्हणजे अशा कवच नसलेल्या समुद्री गोगलगायींचे, मोठे अभ्यासक रुडॉल्फ बर्ग यांनी १८७४ साली तिचे वर्णन केले. ही हिंदी-प्रशांत महासागरातली जात असून सूर्यप्रवाळ आणि त्याच्या कुळातील प्रवाळांवर ती जगते. छायाचित्रावरून मी एवढेच ठामपणे लिहीन की प्राणी फेस्टिला प्रजातीचा आहे आणि सर्व लक्षणे या जातीशी जुळतात. प्राणी पकडून त्याचे दात पाहिल्याशिवाय त्यापलीकडे लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

हा प्राणी नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा निर्णय कळणार नाही, म्हणून येथे थोडे थांबते.

पाठीवर बोटे असलेल्या न्यूडिब्रँकांना एओलिड म्हणतात आणि त्या बोटांना सेराटा. आतड्याच्या शाखा थेट या बोटांत गेलेल्या असतात. बहुतेक एओलिड हायड्रॉइड किंवा समुद्रफुले असे दंश करणारे प्राणी खातात, त्यांच्या दंशपेशींतील न फुटलेल्या कुप्या पचनातून वाचवून बोटांच्या टोकाशी साठवतात आणि स्वतःच्या रक्षणासाठी वापरतात. चोरलेल्या शस्त्राची ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले हमखास कान टवकारतात. फेस्टिलाने मात्र हे शस्त्र टाकून दिले आहे. तिच्या बोटांच्या टोकाशी दंशकुप्यांची पिशवी नसते, तेथे ग्रंथी असतात. तिचा मुख्य भरवसा लपण्यावर आहे. खाल्लेल्या प्रवाळाचा रंग तिच्या अंगात उतरतो, त्यामुळे नारिंगी सूर्यप्रवाळावरची गोगलगाय नारिंगी असते, तर काळपट जातीच्या सूर्यप्रवाळावरची काळपट. तिची बोटेही उमललेल्या पॉलिपच्या स्पर्शकांसारखी दिसतात. ज्या घासाने पोट भरते, तोच घास तिला दडवतो. आमच्या चार डोळ्यांना ती बारा दिवस चकवू शकली ती यामुळेच.

जबडा आणि दातांची एकपदरी पट्टी यांनी ती पॉलिप खरवडून खाते आणि मागे कोरा सांगाडा उरतो. ती उभयलिंगी आहे. दोन गोगलगायी भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात. मोकळ्या झालेल्या सांगाड्यावर अंडी चिकटवणे यातही अर्थ आहे, कारण जिवंत पॉलिपच्या दंशाच्या टप्प्यात अंडी टिकली नसती.

तिचे बालपण कसे असते, याची सर्वांत चांगली माहिती तिच्या जवळच्या जातीवरून मिळाली आहे. पोरायटीस नावाच्या गोलसर, दगडी प्रवाळावर जगणारी ही जात दीर्घकाळ फेस्टिला सिबोगे या नावाने ओळखली जात होती आणि आता ती बहुधा फेस्टिला लुग्युब्रिसमध्ये गणली जाते. सिबोगे हे नाव १८९९-१९०० मध्ये आजच्या इंडोनेशियाच्या समुद्रात फिरलेल्या डच संशोधन नौकेवरून आले. हवाई विद्यापीठाच्या केवालो सागरी प्रयोगशाळेत मायकेल हॅडफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके या जातीची पैदास करून अभ्यास केला. अंडी घातल्यावर साधारण आठवड्याच्या आत सूक्ष्म कवच असलेला व्हेलिजर डिंभ, म्हणजे पाण्यात पोहणारे पिल्लू, बाहेर पडतो. त्याच्याजवळ पिवळ्या बलकाची शिदोरी असते, त्यामुळे काही न खाताही तो वाढीच्या पुढच्या टप्प्यावर पोहोचू शकतो. आणखी तीनचार दिवसांत तो रूपांतरणास तयार होतो, पण ते आपोआप घडत नाही. पोरायटीस प्रवाळातून पाण्यात झिरपणारा एक लहान रेणू त्याच्या डोक्यावरच्या संवेदी अवयवाला जाणवावा लागतो. तो जाणवला की डिंभ पोहण्याचे पंख मिटतो आणि खाली बसू लागतो. बर्कली येथील मिमी कोल यांनी हॅडफिल्ड यांच्यासह केलेल्या प्रयोगांत हा प्रतिसाद सेकंदाच्या हिशेबात दिसला. प्रवाळाचा वास पाण्यात सलग पसरलेला नसतो, त्याचे बारीक धागे असतात. डिंभ त्या धाग्यात शिरला की थांबतो, बाहेर पडला की पुन्हा पोहू लागतो, आणि असे करत प्रवाळावर येऊन टेकतो. पुढे जेमतेम एका दिवसात कवच गळून पडते आणि छोटी नग्न गोगलगाय आपल्या आयुष्यभराच्या अन्नावर उभी असते.

विद्यार्थ्यांना मी नेहमी येथे थांबवते, कारण या प्रकरणाचा गाभा येथेच आहे. हा प्राणी भुकेला होऊन प्रवाळापर्यंत येतो असे नाही. प्रवाळाने हाक दिल्याशिवाय तो प्रौढच होत नाही. ग्वाम बेटावर चार प्रकारच्या फेस्टिलांची तुलना करणारे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही प्रत्येकीची आवड आपापल्या यजमान प्रवाळाकडे झुकलेली दिसली. एका प्रवाळाशी इतकी बांधलेली जात तो प्रवाळ संपवून दुसरीकडे वळू शकत नाही. प्रवाळ गेला की तीही गेली.

मार्गदर्शकाला प्राणी दाखवल्यावर त्याने जो प्रश्न विचारला, तो अगदी रास्त होता. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर प्रवाळ खाणारे काटेरी मुकुटाचे तारामासे पाणबुडे सुईने पित्तक्षार किंवा व्हिनेगर टोचून मारतात, हे त्याने पाहिले होते. "मग आपण ही चार-पाच उचलून का टाकायची नाहीत?" त्याचा जीव त्या वसाहतीत गुंतला होता. पर्यटकांना तो ती दरवर्षी दाखवत असे. त्याला नुसते "निसर्ग पाहून घेईल" असे सांगणे मला बरोबर वाटले नाही, म्हणून आम्ही बोटीच्या धक्क्यावर बसून सगळा हिशेब मांडला.

काटेरी मुकुटाचा एक मोठा तारामासा वर्षभरात दहा चौरस मीटरपर्यंत प्रवाळ खाऊ शकतो आणि त्याची हजारोंची टोळधाड येते. आमच्यासमोर तीन सेंटिमीटरचे चार प्राणी होते आणि प्रश्न एका तळहाताएवढ्या वसाहतीचा होता. शिवाय दिसलेल्या गोगलगायी काढल्या, तरी अंडपट्ट्या राहणारच होत्या. त्या खरवडायच्या, तर हातमोज्यांतल्या बोटांनी किंवा सुरीने शेजारचे जिवंत पॉलिप दुखावले जाणार. लाटेच्या हेलकाव्यात, कडेखाली उलटे तरंगत, एका पेल्यातून प्राणी सोडवताना गोगलगायीने आठवड्यात केले असते तेवढे नुकसान माणूस एका मिनिटात करू शकतो. सर्व कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे एखादा तुकडा मोडून आणणे दूरच, तो चुकून मोडणेही आपल्याला परवडणारे नाही. जातीची खात्री करण्यासाठी नमुना घेण्याचा मोह मी स्वतः याच कारणाने आवरला.

आणखी एक मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. बंद टाक्यांत फेस्टिला भयंकर ठरते, हे खरे आहे. मॉन्टिपोरा प्रवाळ फस्त करणाऱ्या फेस्टिला सबओडिओसा या जातीचे वर्णन २०२० साली झाले, ते शोभिवंत टाक्यांतील उपद्रवी प्राणी म्हणूनच. मोकळ्या समुद्रात मात्र तिला खाणारे असतात. हवाईत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मासे आणि खेकडे पोरायटीसवरच्या फेस्टिलाची संख्या आटोक्यात ठेवतात असे दिसले. दडण्याची जागा सोडून उघड्यावर आलेली गोगलगाय तेथे फार काळ टिकत नाही. टाकीत आणि समुद्रात प्राणी तोच, पण टाकीत त्याला खाणारे कोणी उरत नाही. म्हणून मी मार्गदर्शकाला विनंती केली, "गोगलगायींना हात लावू नकोस. या कडेच्या आसपास नांगर पडणार नाही आणि पर्यटक वसाहतीला धरून फोटो काढणार नाहीत, एवढे बघ." त्याने ते मनापासून पाळले. पुढच्या फेऱ्यांत त्याने बोट वाळूवर नांगरली आणि त्या कडेपाशी जाताना लोकांना हात छातीशी धरायला लावले.

त्यानंतर वसाहत आम्हाला तीनदा पाहता आली.

फेब्रुवारीच्या मध्यात रिकामे पेले बावीस झाले होते. गोगलगायी दोनच दिसल्या, अंडपट्ट्या फाटून विरळ झाल्या होत्या. सर्वांत आधी रिकाम्या झालेल्या पेल्यांवर शेवाळाचा हिरवट थर बसू लागला होता. विद्यार्थिनी त्या दिवशी फार निराश होऊन बाहेर आली. आपण वाट पाहिली आणि पाच पॉलिप गमावले, असे तिला वाटत होते. मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला नाही, कारण तिची मोजणी बरोबर होती.

एप्रिलच्या शेवटी एकही गोगलगाय सापडली नाही. टॉर्च टाकून, प्रत्येक गुच्छ पॉलिपच आहे याची हाताने पाणी हलवून खात्री करून, तिने अर्धा तास शोधले. मात्र तिने आणलेल्या जवळच्या छायाचित्रांत आम्हाला जे दिसले, त्यासाठी ही सगळी धडपड सार्थकी लागली. जिवंत भागाला लागून असलेल्या सहा पेल्यांच्या कडांवर पातळ नारिंगी कातडी चढली होती. दोन पेल्यांत ती तळापर्यंत उतरून मध्ये बारीक फट दिसत होती, आणि एकाच्या फटीभोवती स्पर्शकांचे मोहरीएवढे उंचवटे आले होते. सूर्यप्रवाळ उरल्यासुरल्या ऊतींतून स्वतःला पुन्हा घडवू शकतो, हे ज्ञात आहे. अटलांटिक महासागरात तो उपरा आहे आणि त्याच्या याच गुणामुळे ब्राझीलच्या किनाऱ्यावर तो काढून टाकणाऱ्यांची दमछाक होते. जिथे तो मूळचा आहे तेथे हाच गुण त्याला भक्षकाबरोबर जगू देतो. वसाहतीच्या टोकाकडचे पेले, ज्यांच्या शेजारी जिवंत कातडी उरली नव्हती, ते मात्र भरले नाहीत. तेथे शेवाळाबरोबर एक पिवळसर स्पंज शिरला होता.

यावरून आमच्या नोंदवहीत एक नवा रकाना आला. रिकामे पेले किती, याबरोबरच त्यांपैकी किती जिवंत पेल्याला लागून आहेत, हेही आम्ही आता लिहितो. नुसता डाग किती मोठा हे पाहून वसाहतीचे भवितव्य कळत नाही. तिच्यात कोठे कोठे जिवंत मांस शिल्लक आहे, यावर ते ठरते. सलग एका बाजूने खाल्लेली वसाहत आणि मध्ये मध्ये सोडून खाल्लेली वसाहत यांची आकडेवारी सारखी असू शकते, पण दुसरी लवकर भरून येते.

मग पाऊस लागला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात समुद्र निवळला तेव्हा आम्ही सगळेच त्या बोटीवर होतो. मी पाण्यात उतरत नाही, मी वरच बसून होते. पाऊण तासाने विद्यार्थिनीचे डोके पाण्याबाहेर आले आणि तिने शिडी धरण्याआधीच पाटी वर केली. पेन्सिलीने तीनच ओळी लिहिल्या होत्या. जिवंत पेले सत्तावीस. स्पंजाखाली गेलेले नऊ, शेवाळी पाच. कडेच्या पलीकडे, हातभर अंतरावर, कातळावर एकटाच बसलेला वाटाण्याएवढा नवा नारिंगी पेला, जो मागच्या हंगामातील कोणत्याही छायाचित्रात नव्हता.

मार्गदर्शक टाकी उतरवत होता. त्याने पाटी हातात घेतली, वाचली आणि विचारले, "मॅडम, गोगलगाय?" विद्यार्थिनी म्हणाली, "एक. बारीकशी आहे, नखाएवढी. खालच्या बाजूला." त्याने मान डोलावली आणि तांडेलाला नांगर हळू ओढायला सांगितला.